मोटारखान्यांतील विमान

साठी उलटलेल्या गृहस्थानें काशीरामेश्वर करावें, निदान पंढरीची एखादी वारी पदरीं पाडून घ्यावी, असा आपल्याकडील शिष्टसंप्रदाय आहे. आमच्या नशिबीं मात्र शाळेंतून निवृत्त झाल्यानंतर घडलेला पहिला दूरचा प्रवास अमेरिकेंतील एका मोटारखान्याचा होता. आणि तोही पुण्यसंचयासाठीं नव्हे, तर एका चालू कामांत विघ्न आणण्यासाठीं! वाचक हंसतील, परंतु हकीकत खरी आहे, आणि तींत आमच्याच फजितीचा एक प्रसंग असल्यामुळें ती सांगण्यास संकोचही वाटतो. तरी सांगतों.

आमच्या दिवंगत थोरल्या बंधूंचा एकुलता मुलगा गेलीं बारा वर्षें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत एका यंत्रांच्या कारखान्यांत नोकरीस आहे. घरांत त्याला सारे बाळ म्हणतात. तो आमच्याच देखरेखीखालीं वाढला. शब्दरूपावली त्याच्याकडून आम्हींच पाठ करवून घेतली, आणि भिंतीवरचें घड्याळ उघडून ठेवल्याबद्दल दोन धपाटेही आम्हींच दिले. मागल्या दिवाळींत त्याचा दूरध्वनि आला असतां बोलण्याच्या ओघांत सूनबाई सहज म्हणून गेल्या, "आमची मोटार हल्लीं बाहेर थंडींतच उभी असते. आंत विमानाचा पंख आहे ना!"

माजघरांत एकदम सामसूम झाली. वहिनींनीं विचारलें, "कसला पंख?" पलीकडून बाळ म्हणाला, "काळजी करूं नकोस, आई. लहानसेंच विमान आहे. दोन माणसांचें." वहिनींच्या हातांतील चकल्यांचें ताट हातांतच राहिलें.

एकत्र कुटुंबांत मतांचा तुटवडा कधींच नसतो. धाकट्या बंधूंनीं खर्चाचा आकडा विचारला, मुलांनीं हात पसरून घरभर विमानें उडविलीं, आणि शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ पान जमवीत म्हणाले, "यांत नवल तें काय? आपल्या ऋषिमुनींनीं हें सारें पूर्वींच करून ठेवलें आहे." संस्कृताचा शिक्षक म्हणून त्यांनीं अनुमोदनासाठीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं तें दिलें नाहीं. पुष्पक विमान आम्हांसही प्रिय आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत त्या विमानांतून सीतेस समुद्र दाखविणारा राम आम्हीं विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांपुढें उभा केला असेल! पण काव्यांतलें विमान निराळें आणि कारखान्यांतलें निराळें. भरद्वाजांच्या नांवावर सांगितला जाणारा 'वैमानिकशास्त्र' हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभींचा असून त्यांत वर्णिलेलीं विमानें उडणें शक्य नाहीं, असा निर्णय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच विद्वानांनीं १९७४ सालीं दिला. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ सालीं शिवकर बापूजी तळपदे यांनीं विमान उडविल्याची कथाही आपण ऐकतों. तिला भरंवशाचा पुरावा मिळालेला नाहीं. आपल्या पूर्वजांची थोरवी त्यांनीं खरोखर केलेल्या गोष्टींवर उभी राहण्यास पुरेशी आहे. तिला अशा टेंकूची गरज नाहीं.

तेव्हां आमची नात पुढें सरसावून म्हणाली, "आजोबा, मग कॅप्टन अमोल यादवांचें काय? त्यांनीं कांदिवलीस आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा जणांचें विमान बांधलें. २०१६ सालीं तें मुंबईच्या प्रदर्शनांत मांडलें होतें, आणि पुढच्या वर्षीं त्याची सरकारांत नोंदही झाली. म्हणजे बाळकाका वेडा नाहीं!" या उदाहरणानें मुलांचा पक्ष बळावला, वहिनींचा चेहरा मात्र उजळला नाहीं.

रात्रीं निरवानिरव झाल्यावर त्या ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, यांच्यामागें त्याला तुम्हींच वाढवलात. तुमचें तो ऐकेल. एवढें जाऊन थांबवा." इतक्या वर्षांत वहिनींनीं आमच्यापाशीं स्वतःसाठीं कांहींच मागितलें नव्हतें. अशा रीतीनें आम्ही शिष्टाईस निघालों. प्रत्यक्ष श्रीकृष्णाची शिष्टाईही सफल झाली नाहीं हें आम्हांस ठाऊक होतें. आणि आम्ही तर बोलूनचालून पंतोजी!

जून महिन्याच्या अखेरीस आम्ही शिकागो येथें उतरलों. तेथून उत्तरेस मोटारीनें तीन तासांची वाट. उजव्या हातास मधून मधून मिशिगन सरोवराचें पाणी दिसे. त्यास सरोवर म्हणावयाचें एवढेंच, पैलतीर दृष्टीस पडत नाहीं. मिलवॉकी शहर मागें पडल्यावर प्रदेश पालटला. दोहों बाजूंस मक्याचीं आणि सोयाबीनचीं शेतें, मधून मधून तांबड्या रंगाचे मोठमोठे लांकडी गोठे, त्यांशेजारीं वैरण सांठविण्याचे उंच मनोरे, आणि कुरणांत काळ्यापांढऱ्या गाई. दूधदुभत्यासाठीं हें राज्य साऱ्या अमेरिकेंत प्रसिद्ध आहे. रात्रीं साडेआठ वाजेपर्यंत उजेड असल्यामुळें आमची सायंसंध्या रोज घोटाळ्यांत पडे, आणि अंधार पडला कीं अंगणांतल्या गवतावर काजवे चमकूं लागत. तेवढें मात्र थेट कोंकणासारखें वाटलें.

बाळचें घर विनेबागो नांवाच्या सरोवरापासून फार दूर नाहीं. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें मोटारखान्याचें दार वर सरकविलें आणि दिवे लावले. दोन मोटारी उभ्या राहतील एवढी जागा. पण मोटार एकही नव्हती. भिंतीवर हत्यारें टांगलेलीं, आणि प्रत्येक हत्यारामागें त्याच आकाराची रेघ काढलेली, म्हणजे एखादें जागेवर नसलें तर रिकामी आकृति लगेच डोळ्यांत भरावी. छताशीं शेपटीचे भाग बांधून ठेविलेले. एका बाजूस माशाच्या सांगाड्यासारखें धड, आणि मध्यभागीं लांकडी घोडीवर कडेवर उभा केलेला एक पंख. त्याची एक बाजू पत्र्यानें मढविलेली व दुसरी उघडी होती. आंतील तुळई आणि तींस जोडलेल्या फासळ्या दिव्याच्या उजेडांत लखलखत होत्या. आम्हीं बोलण्यास आरंभ करण्यापूर्वींच तो म्हणाला, "काका, आईनें पाठविलें ना तुम्हांला?"

आम्हीं होय म्हटलें. खोटें बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

"मग असें करा. पंधरा दिवस माझ्याबरोबर काम करा. नंतर तुम्हांला जें म्हणावयाचें तें म्हणा. मी खालीं मान घालून ऐकेन."

ऐकेन म्हणाला, थांबेन म्हणाला नाहीं. हा भेद आमच्या ध्यानांत आला, पण अट न्याय्य होती.

आतां हें काम असतें कसें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मूळचें विमान तरी कोठें कारखान्यांत जन्मलें? राइट बंधूंनीं १९०३ सालीं जें पहिलें विमान उडविलें, त्याचे भाग ओहायो राज्यांत डेटन गांवच्या त्यांच्या सायकलींच्या दुकानांतच तयार झाले होते. पुढें मोठे कारखाने निघाले, आणि घरीं विमान बांधणें हा विक्षिप्त लोकांचा छंद ठरला. अमेरिकेंत त्यास पुन्हां प्रतिष्ठा मिळवून देण्यांत पॉल पोबेरेझनी या गृहस्थांचा वांटा मोठा आहे. त्यांनीं १९५३ सालच्या जानेवारींत मिलवॉकी येथें अशा हौशी लोकांची एक संस्था काढली. तिचें कार्यालय प्रथम त्यांच्या राहत्या घराच्या तळघरांत होतें. १९५५ सालीं एका मासिकांत त्यांनीं इंजिनासकट आठशें डॉलरांच्या आंत बांधतां येणाऱ्या विमानाची कृति क्रमशः प्रसिद्ध केली, आणि देशभरच्या परसांतून हातोडे वाजूं लागले.

बाळ जें विमान बांधीत आहे त्याचा आराखडा ऑरेगॉन राज्यांतील रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या कंपनीचा. पत्रे, फासळ्या व इतर सामान मोठमोठ्या खोक्यांतून घरीं येतें. सोबत नकाशे आणि कामाच्या क्रमाचें जाडें पुस्तक. त्या घराण्यांतील दहा हजारांहून अधिक विमानें लोकांनीं आजवर बांधून उडविलीं आहेत. तेथील कायदा असा कीं, निम्म्याहून अधिक काम बांधणारानें शिक्षणासाठीं किंवा हौसेसाठीं केलेलें असलें पाहिजे; पैसे देऊन सारें दुसऱ्याकडून करवून घेतलें तर ती सवलत मिळत नाहीं. म्हणून रोजच्या कामाची वही ठेवावयाची आणि छायाचित्रें काढावयाचीं. विमान पुरें झालें म्हणजे सरकारनें नेमलेला तपासनीस तें पाहून परवाना देतो. तरीही पहिले बहुधा ४० तास, व इंजिन आणि पुढचा फिरता पंखा यांची प्रमाणित जोडी असल्यास २५ तास, नेमून दिलेल्या टापूंतच चांचणी घ्यावयाची. त्या अवधींत उतारू नेण्यास मनाई. आणि विमानाच्या आंत बसणाऱ्याला दिसेल असा फलक कायमचा लावावा लागतो, कीं हें हौशी माणसानें बांधलेलें आहे, नेहमींच्या विमानांचे सुरक्षिततेचे नियम यास लागू केलेले नाहींत. औषधाच्या बाटलीवर 'विष' लिहावें तशांतला हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडला; पण वहिनींना हें कसें सांगावें हा प्रश्न अधिकच बिकट झाला.

बाळनें आमच्यापासून कांहीं लपविलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानें आपण होऊन एक सरकारी अहवाल पुढें ठेविला. अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाचा तो अहवाल २०१२ सालचा. त्यांत म्हटलें होतें कीं, २०११ सालीं अमेरिकेंतील खाजगी स्वरूपाच्या विमानांत घरीं बांधलेलीं विमानें शेंकडा सुमारें १० होतीं. पण एकंदर अपघातांत त्यांचा वांटा शेंकडा १५ आणि प्राणांतिक अपघातांत शेंकडा २१ होता. आम्हीं चष्मा पुसून तो आकडा पुन्हां वाचला. बाळ म्हणाला, "हें वाचूनच मीं आरंभ केला, काका. धोका नाहीं असें मी म्हणत नाहीं. तो कोठें असतो हें शोधावयाचें आणि तेथें घाई करावयाची नाहीं, एवढेंच माझ्या हातीं आहे."

आमचें शिक्षण भोंकांपासून सुरू झालें. पत्र्यास भोंक पाडलें म्हणजे त्याच्या कडेस बारीक कंगोरा राहतो. तो हलक्या हातानें काढून टाकावयाचा, नाहींतर तेथून पुढें चीर जाण्याचा संभव. अशीं हजारों भोंकें. मग पत्रा आणि फासळी यांचीं भोंकें जुळवून स्प्रिंगच्या चिमट्यांनीं तीं तात्पुरतीं धरावयाचीं, आणि एकेका भोंकांत रिव्हेट ठोकावयाची. रिव्हेट म्हणजे साळीच्या दाण्याएवढी, एका टोंकास डोकें असलेली धातूची खिळी. बाहेरून एक जण हवेच्या दाबानें चालणारी हातोडी डोक्यावर धरतो. आंतून दुसऱ्यानें खिळीच्या शेंपटाशीं पोलादाचा गुळगुळीत ठोकळा टेंकवून धरावयाचा. वरून टरर्र असा आवाज झाला कीं आंतलें शेंपूट ठोकळ्यावर चेपून त्याची चपटी टिकली बनते. ती टिकली खिळीच्या जाडीच्या दीडपट रुंद व निम्मी उंच असावी, असें माप आहे. ठोकळा जरा तिरपा झाला तर शेंपूट एका अंगास लवंडतें, आणि बाहेरून पाहणाराला कांहींएक कळत नाहीं. एका विमानांत अशा दहाबारा हजार रिव्हेटा.

हा ठोकळा धरण्याचें काम एरव्हीं सूनबाई करीत. त्या दिवसां त्यांच्या मनगटास दुखापत झाली होती. बाळनें आमच्या हाताकडे पाहिलें. जन्मभर खडूपेक्षां जड कांहीं न उचललेला तो सडपातळ हात फासळ्यांमधील खिडकीतून सहज आंत जात होता. अशा रीतीनें विघ्न आणण्यास गेलेले आम्ही त्याच कामाचे उमेदवार झालों. पहिले दोन दिवस टाकाऊ पत्र्यावर सराव; तिसऱ्या दिवसापासून प्रत्यक्ष पंखावर.

पंखाची दुसरी बाजू मढविण्यापूर्वीं एक गृहस्थ तो पाहावयास आले. पोबेरेझनींच्या त्या संस्थेचे असे अनुभवी स्वयंसेवक गांवोगांव आहेत. ते विनामूल्य येतात, काम पाहतात आणि दोष असल्यास दाखवितात. हे गृहस्थ वयानें आमच्याहून वडील, विमानदुरुस्तींत हयात घालविलेले. त्यांनीं चहा नाकारला आणि दांडीच्या टोंकास बसविलेला लहान आरसा व विजेरी घेऊन दोन तास प्रत्येक फासळी तपासली. दोन ठिकाणीं त्यांनीं चिकटपट्टीचा तुकडा लावला. तेथील काम पुन्हां करावयाचें होतें. आमच्या शाळेस आलेले कैक इन्स्पेक्टर आम्हीं पाहिले, पण इतक्या शांतपणें पाहणारा एकही आठवत नाहीं. जातांना ते बाळला जें म्हणाले तें आम्हांस पुढें फार आठवलें. ते म्हणाले, "मी उघडें आहे तेवढें पाहिलें. आतां तुम्ही झांकाल. झांकतांना काय होईल तें तुमच्याशिवाय कोणीच पाहणार नाहीं."

पट्टी लावलेलीं दोन्ही ठिकाणें दुरुस्त केल्यावर झांकण्याचें काम सुरू झालें. ही बाजू अवघड. पत्रा एका टोंकापासून थोडाथोडा ठोकीत जावयाचा, मोकळ्या टोंकाकडून तो किंचित् वांकवून हात आंत घालावयाचा, आणि न दिसणाऱ्या जागीं केवळ स्पर्शानें ठोकळा टेंकवावयाचा. आम्हीं दोन संध्याकाळ हें काम केलें आणि बाळ आमची स्तुति करूं लागला. म्हातारपणीं मिळालेली स्तुति फार लवकर चढते. तिसऱ्या संध्याकाळीं, ओळ संपत आली असतां, आमच्या घामेजलेल्या बोटांतून ठोकळा निसटला. हातोडी त्याच क्षणीं वाजली. आम्हीं तो पुन्हां टेंकविला, हातोडी पुन्हां वाजली, आणि बोटानें चांचपतां तेथें टिकलीच्या ऐवजीं एक वांकडा उंचवटा लागला. बाळनें बाहेरून विचारलें, "ठीक, काका?" आणि आम्ही म्हणालों, "ठीक."

असें आम्ही कां म्हणालों? बाळ दमलेला होता. रात्र झाली होती. एका खिळीनें काय होणार, असें वाटलें. हीं सारीं कारणें आम्हीं त्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या जमविलीं. खरें कारण एकच होतें. छत्तीस वर्षें मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविलेल्या माणसास स्वतःची चूक आपल्याच विद्यार्थ्यापुढें कबूल करण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीं जावयाचें होतें ऑशकॉश येथें. विनेबागो सरोवराच्या कांठच्या या शहरांत दर वर्षीं जुलैच्या शेवटच्या सुमारास त्या संस्थेचा विमानांचा मेळा भरतो. १९७० सालापासून तो येथें भरत आहे. पंढरीच्या वाळवंटाची उपमा आम्हांस पहिल्या दृष्टिक्षेपांतच सुचली. आठवड्याभरांत सुमारें दहा हजार विमानें येतात आणि अलीकडच्या वर्षीं माणसांची संख्या सहा लाखांच्या वर गेली आहे. गवतावर विमानांच्या रांगा, आणि प्रत्येकाच्या पंखाखालीं एक तंबू. कोणी चुलीवर कॉफी उकळीत आहे, कोणी दोरीवर कपडे वाळत घालीत आहे. उतरणाऱ्या विमानांची गर्दी एवढी, कीं धांवपट्टीवर निरनिराळ्या रंगांचे मोठे ठिपके काढून, अमक्याने हिरव्यावर उतरावें, अमक्याने नारिंगी ठिपक्यावर, असें मनोऱ्यावरून सांगतात. ऐकूं आल्याची खूण म्हणून वैमानिक आपले पंख डोलवितो. मंडपांतून नवशिक्यांना पत्र्याचें, लांकडाचें, कापडाचें काम शिकवीत होते. आम्हांस खाण्याजोगें म्हणून भाजलेलें मक्याचें कणीस लोणी लावून मिळालें, त्यावर आमचा दिवस उत्तम गेला.

तेथील विमानतळास स्टीव्ह विटमन यांचें नांव दिलेलें आहे. हे १९३१ पासून १९६९ पर्यंत या विमानतळाचे व्यवस्थापक होते. शर्यतींचीं आणि घरीं बांधतां येण्याजोगीं विमानें त्यांनीं स्वतः रचलीं; त्यांतील 'टेलविंड' हें हौशी बांधणारांमध्यें फार मान्यता पावलें. त्या नांवाच्या पाटीखालीं उभे असतां आम्हीं बाळला विचारलें, "यांचा शेवट कसा झाला?" तो म्हणाला, "१९९५ च्या एप्रिलमध्यें. फ्लोरिडाहून येथें परत येतांना, आलाबामा राज्यांत. स्वतः बांधलेलें विमान स्वतः चालवीत होते, वय ९१, शेजारीं बायको होती. दोघेंही गेलीं."

चौकशींत निष्पन्न झालें तें असें. पंखावरील कापड कांहीं भागांत नीट चिकटविलेलें नव्हतें. बसविण्याच्या पद्धतींतच चूक झाली होती. उडत असतां तें मागल्या कडेशीं सुटलें, पंख थरथरूं लागला आणि हवेंतच मोडला. सत्तर वर्षांच्या अनुभवाचा, ज्याच्यापाशीं इतरांनीं शिकावें असा पुरुष! त्याचा दोष कापडाखालीं झांकलेला राहिला.

परततांना बाळनें आणखी एक हकीकत सांगितली. जॉन डेन्व्हर हे अमेरिकेंतील लोकप्रिय गायक. १९९७ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याशीं समुद्रांत विमान कोसळून ते मरण पावले. तें विमान कोणी दुसऱ्यानेंच बांधलेलें होतें. इंधनाच्या एका टांकीवरून दुसरीवर जाण्याची मूठ मूळ आराखड्यांत हाताशीं होती. बांधणारानें ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागें नेली, आणि तिच्यावर खुणाही नव्हत्या. तिकडे वळून हात नेतांना ताबा सुटला असावा, असें चौकशी मंडळाचें मत पडलें. बांधणाराचें काम तेव्हां केव्हांच संपलेलें होतें. परिणाम भोगण्याची पाळी भलत्यावरच आली.

मोटारींत कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. मक्याच्या शेतांवर उन्हें कललीं होतीं. आमच्या डोळ्यांपुढें चकल्यांचें ताट हातांत धरून उभ्या असलेल्या वहिनी आल्या. मुलाला धोक्यापासून वांचवा म्हणून ज्यांनीं आम्हांस पाठविलें, त्यांच्याच मुलाच्या पंखांत आम्ही एक दोष ठेवून आलों होतों, आणि वर 'ठीक' म्हणालों होतों.

आम्ही म्हणालों, "बाळ, काल संध्याकाळीं शेवटल्या ओळींत ठोकळा निसटला. एक रिव्हेट लवंडली आहे. तूं विचारलेंस तेव्हां मीं खोटें सांगितलें."

त्यानें मोटारीचा वेग कमी केला. रागावला नाहीं, हंसलाही नाहीं. एवढेंच विचारलें, "कोणती फासळी, काका?"

घरीं पोंचतांच त्यानें दिवे लावले, पत्रा वांकवून आरसा आंत घातला. आम्हीं सांगितलेली एक सांपडलीच. पण तिच्याजवळ आणखी दोन सांपडल्या, ज्या आम्हांस चांगल्या वाटल्या होत्या! मग एकेकीचें डोकें बेतानें गिरमिटानें पोखरून, भोंक मोठें न होऊं देतां, ती बाहेर काढली आणि नवी बसविली. तीन साळीच्या दाण्यांसाठीं रात्रीचे साडेअकरा वाजले. ठोकळा पुन्हां आम्हींच धरला. त्यानें दुसऱ्या कोणास बोलाविलें नाहीं, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों. हात धुतांना तो म्हणाला, "एका रिव्हेटनें पंख मोडत नाहीं, काका. पण आणखी दोन ओळी झाल्या असत्या तर तेथें हातच पोंचला नसता. आणि मग तेथें काय आहे हें मला कधींच कळलें नसतें." कामाच्या वहींत त्यानें त्या दिवसाखालीं तिन्ही रिव्हेटा जागेसह नोंदविल्या. शेजारीं आमची सही मागितली. आम्हीं ती केली. आयुष्यांत हजारों उत्तरपत्रिकांवर सह्या केल्या, पण आपल्याच चुकीखालीं केलेली ती पहिली.

पंधरा दिवस केव्हांच उलटले होते. बाळ आमचें म्हणणें ऐकण्यास खालीं मान घालून बसला. आम्ही त्यास 'थांबव' म्हणालों नाहीं. जो माणूस चुकीचें नांव ऐकतांच 'कोठें' एवढेंच विचारतो, त्यास थांबविण्याचा अधिकार आम्हांस उरला नव्हता. दोन गोष्टी मात्र आम्हीं मागून घेतल्या: पहिलें उड्डाण घाईनें वा कोणाच्या आग्रहानें ठरवावयाचें नाहीं, आणि त्यापूर्वीं त्याच जातीच्या विमानांत जाणत्या शिक्षकाबरोबर सराव करावयाचा. तो म्हणाला, या दोन्ही गोष्टी त्याच्या यादींत आधींच आहेत.

सप्टेंबरच्या आरंभीं आम्ही घरीं परतलों. वहिनींना आम्हीं सर्व सांगितलें. शेंकड्यांचे आकडे सांगितले, विटमन यांची हकीकत सांगितली, आणि आमची तीन रिव्हेटांची फजितीही सांगितली. शिष्टाई फसल्याचें कबूल केलें. त्यांनीं मध्यें एक शब्दही उच्चारला नाहीं. शेवटीं विचारलें, "जेवतो ना वेळेवर?" आम्हीं सांगितलें, सूनबाई ताट मोटारखान्यांतच नेऊन देतात.

बराच वेळ त्या वाती वळीत बसल्या. मग म्हणाल्या, "भावोजी, त्याला एवढें कळवा. ज्या दिवशीं उडेल त्या दिवशीं मला आधीं सांगूं नको म्हणावें. खालीं उतरल्यावर सांग."

आम्हीं तसें कळविलें आहे. दुसरा पंख आतां घोडीवर चढला आहे, इंजिन यावयाचें आहे, आणि सूनबाईंचें मनगट बरें झालें आहे. उड्डाणास अजून दीड-दोन वर्षें तरी लागतील. तोंवर आमच्या घरांत, एखाद्या मुलानें धडा पुरा केल्याचें सांगितलें कीं, आमची नात त्यास हटकून विचारते, "ठीक म्हणजे खरोखरच ठीक, कीं आजोबांचें ठीक?" आणि आम्ही वर्तमानपत्र जरा उंच धरतों.